सतरा अंकी डोंबिवलीकर

डोंबिवलीने जगाला काय दिलं, असं ठाण्यात कुणालाही विचारा. उत्तर येतं, ‘गर्दी’. आम्ही कोपरीकर हे उत्तर जरा जास्तच जोरात देतो. ठाण्याच्या पूर्वेला राहणाऱ्याला हिणवायला अख्खं पश्चिम ठाणं तयार असतं. त्यांच्याकडे तलावपाळी, त्यांच्याकडे गडकरी रंगायतन. आमच्याकडे कोपरीचा पूल, जिथे ऐसपैस आलेला महामार्ग वर्षानुवर्षं अंग चोरून पुढे जायचा. अशा माणसांना डोंबिवलीची गर्दी हा मानसिक आधार आहे.

तरी न्यायाने बोलायचं, तर डोंबिवलीने गणिताला एक संख्या दिली आहे. ती अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

मोजून सतरा अंक. तुमच्या डेबिट कार्डावरच्या नंबरापेक्षा एक जास्त. ही संख्या सतराव्या अंकापर्यंत सलग वाचणारे वाचक थोडे, आणि ‘एकपासून नऊ आणि परत खाली, कळलं’ म्हणून पुढे गेलेले बहुतेक सगळे, हे मला ठाऊक आहे. पण या संख्येचं मोठेपण हेच की न वाचताही ती पाठ झाली. स्वतःच्या बायकोचा मोबाइल नंबर पाठ नसलेल्या माणसालाही ही एका नजरेत येते.

पाठ झाली तरी वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या सोसायटीचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले. चेकवरचा आकडा अक्षरांत लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्यापुढे मी ही संख्या ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, उजवीकडून बोटाने घरं मोजत डावीकडे गेले आणि म्हणाले, “एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. फक्त.” ते ‘फक्त’ सवयीने आलं. मग दम खाऊन त्यांनी विचारलं, “दोनदा कोटी आला. चालतं का?”

चालवून घ्यावं लागतं, कारण आपला व्यवहार कोटीपाशी थकतो. भास्कराचार्य थकले नव्हते. ‘लीलावती’त त्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य अशी चढण आहे. आपल्या संख्येचा पहिला एक सतराव्या स्थानावर बसतो आणि त्या स्थानाचं नाव ‘मध्य’. ज्या रेल्वेमार्गावर ही संख्या सापडली त्याला १९५१ साली मध्य रेल्वे म्हणू लागले. आचार्यांनी आठशे वर्षं आधी आरक्षण करून ठेवलं होतं म्हणायचं.

खजिनदारांनी मग ती एक्सेलमध्ये घातली. एक्सेल पंधरा अंकांपलीकडे कुणाला ओळखत नाही. त्याने शेवटचे २ आणि १ परस्पर शून्य केले आणि वर काही झालंच नाही असा चेहरा केला. “हे आपल्या ऑडिटरसारखं आहे,” एवढं बोलून खजिनदारांनी लॅपटॉप मिटला.

मोठी म्हणजे किती मोठी? सेकंदाला एक या वेगाने एक, दोन, तीन असं मोजत निघालात, तर इथवर पोचायला ३९ कोटी वर्षं लागतील. आमचा पारसिकचा डोंगर ज्या लाव्हाचा बनलाय, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आज मोजणी संपवायची असेल, तर मुंब्र्याला डोंगर यायच्या कितीतरी आधीच सुरुवात करायला हवी होती.

आता डोंबिवलीचा संबंध. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्यात झाली, हे आम्ही ठाणेकरांनी विशेष लक्षात ठेवावं. कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. पीएच.डी. नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. फावल्या वेळात आकड्यांशी खेळायचं आणि जे सापडेल ते लिहून पाठवायचं. दारू पिणाऱ्याला त्या सुखद अवस्थेतून बाहेर यावंसं वाटत नाही, आकड्यांच्या बाबतीत आपलं तसंच आहे, असं ते स्वतःच सांगत. शाळामास्तराने स्वतःबद्दल इतकं खरं बोलण्याचं उदाहरण विरळा.

या मास्तरांना तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवरच्या डेमलो नावाच्या स्टेशनात एका प्रकारच्या संख्या अभ्यासाव्यात असं सुचलं. म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेमलो संख्या म्हटलं. हे डेमलो म्हणजेच आजची डोंबिवली. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा या संख्यांवरचा लेख आला आणि डोंबिवली गणिताच्या ग्रंथांत जाऊन बसली. तिथे तिला बसायला जागा मिळाली, ही गोष्ट डोंबिवलीच्या प्रवाशांना मुद्दाम सांगायला हवी. आज त्या स्टेशनात सकाळी आठ वाजता कुणाला काही सुचलं, तरी ते टिपायला खिशापर्यंत हात जाणार नाही. गेलाच तर खिसा आपला असेल याची खात्री नाही.

डेमलो संख्या ओळखायची रीत सोपी आहे. तिचे तीन भाग पडतात. डावा भाग आणि उजवा भाग सारख्या लांबीचे. त्यांची बेरीज केली की एकच अंक पुन्हापुन्हा येतो, आणि मधल्या भागात तोच अंक बसलेला असतो. १६५ घ्या. एक आणि पाच मिळून सहा, आणि सहा मध्ये. २५५३ घ्या. दोन आणि तीन पाच, आणि मध्ये पाचच पाच. १४९९९८५ मध्ये चौदा आणि पंच्याऐंशी मिळून नव्व्याण्णव, आणि मध्ये नऊच नऊ. मधला माणूस दोन्ही बाजूंच्या बेरजेवर जगतो. अशी माणसं आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात दिसतात.

यातल्या काही संख्यांना कापरेकरांनी ‘वंडरफुल’ म्हटलं : १, १२१, १२३२१, १२३४३२१ आणि पुढे. आपली सतरा अंकी संख्या या घराण्यातली सगळ्यात थोर, कारण तिच्यात एकापासून नऊपर्यंत सगळे अंक हजर. तिचा डावा भाग १२३४५६७८, उजवा ८७६५४३२१. बेरीज करा. ९९९९९९९९. आणि मध्ये नऊ ठाण मांडून.

ही कुठून येते, ते कुठल्याही सहावीतल्या मुलाला पाटीवर दाखवता येतं. एकापुढे एक असे नऊ एक लिहा : १११११११११. या संख्येला तिनेच गुणा. गुणाकार मांडताना प्रत्येक ओळीत तेच नऊ एक उतरतात, फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकते. नऊ ओळी झाल्या की उभ्या बेरजा करायच्या. उजव्या टोकाच्या घरात एकच एक, पुढच्यात दोन, मग तीन, मधल्या घरात बरोबर नऊ, आणि तिथून पुढे उतार. बस्स. ना सूत्र, ना क्लासची फी. नऊ एकांनी आपसात गुणाकार केला आणि बोरघाट तयार झाला.

मला स्वतःला या संख्येची आवडणारी गोष्ट हिशेबी आहे. हिच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने ही संख्या निःशेष भागली जाते. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकर हर्षद म्हणत, म्हणजे आनंद देणाऱ्या. भागाकार करून पाहिला तर १५२४१५७८९९७१०४१ येतो. हा वरकरणी कुणाही ऐऱ्यागैऱ्याचा अकाउंट नंबर वाटतो. प्रत्यक्षात तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. नीट बघा, यात आठ नाही. सात झाल्यावर एकदम नऊ. आठ कुठे गेला, हे लहानपणी गणिताचे मास्तर वर्गाला कोडं घालायचे : १२३४५६७९ ला नऊने गुणा. गुणलं की फळ्यावर नऊच्या नऊ एक उभे राहायचे आणि वर्ग थक्क व्हायचा. सत्तावीसने गुणलं की नऊ तीन. त्या दिवशी गृहपाठ तपासायचा राहून जायचा, हा त्या संख्येचा आम्हाला झालेला खरा उपयोग.

अवयव पाडले तर ही संख्या म्हणजे तीन चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. त्यावरून हिचे विभाजक निघतात पंचेचाळीस. म्हणजे इतक्या रुपयांची लॉटरी आमच्या सोसायटीला लागली, तर ती समसमान वाटण्यासाठी फ्लॅट तीन, नऊ, सत्तावीस, सदतीस, एक्क्याऐंशी, एकशे अकरा अशा मोजक्याच संख्यांचे हवेत. दोघांत वाटायची म्हटली तर एक रुपया उरतो. चौघांत एक उरतो. पाच, सात, आठ, दहा, अकरा, यांतले कितीही जण बोलवा, बाकी एकच. खजिनदारांना हे फार पटलं. “तो एक सोसायटीच्या सिंकिंग फंडात,” ते म्हणाले. नवराबायकोत वाटणी झाल्यास तो एक कुणाकडे राहील, यावर चर्चा करण्याचं त्यांनी टाळलं. घरी बायको होती.

इथवर सगळं सुरळीत आहे. पण माणसाला हव्यास असतो. नऊ एकांनी इतकी शोभा आणली, तर दहा एकांनी किती आणतील? इथे मध्य रेल्वेचं गणित सुरू होतं. लोकलचा बाक तिघांचा. चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो, आणि कडेचा माणूस अर्धा हवेत जातो. अंकाच्या घरातही नऊपर्यंतच जागा. दहावी ओळ आली की मधल्या घरात बेरीज दहा होते. तिथे शून्य उरतं आणि हातचा एक डावीकडच्या शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतो. शेजारी आधीच नऊ. त्याचे दहा होतात. तोही शून्य होऊन हातचा पुढे ढकलतो. त्याच्या पुढचा आठ नऊ होतो आणि तिथे धक्काबुक्की थांबते. निकाल असा :

१२३४५६७९००९८७६५४३२१

पाहिलंत? डावीकडून चढताना पुन्हा आठच बळी गेला. सातनंतर नऊ, मग दोन शून्यं. एक जण जास्त घेतला आणि सगळी शिस्त बिघडली. दादरला चढणारी मंडळी हे वाक्य रोज म्हणतात, पण स्वतः चढून झाल्यावर.

मात्र कापरेकरांचा चाहता इथे हात टेकत नाही. या बिघडलेल्या संख्येचे शेवटचे दहा अंक वेगळे काढा : ०९८७६५४३२१. उरलेले डावे नऊ : १२३४५६७९०. दोन्हींची बेरीज करा. येतात १११११११११, आणि त्यापुढे आणखी एक १. म्हणजे दहा एक. ज्या दहा एकांचा वर्ग केला, तेच तंतोतंत परत! वर्गाचे दोन तुकडे करून जोडले की मूळ संख्या हाती येते, अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ त्यातलीच : तिचा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस. २९७ तशीच : वर्ग ८८२०९, अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे नऊ. आपल्या डोंबिवलीकर संख्येचे विभाजक किती होते? पंचेचाळीस. हा योगायोग आहे हे मला कळतं. पण ज्या गावात योगायोगाने पत्रिका जुळतात, तिथे मी एकट्याने का रुक्ष व्हावं?

एवढं असून ही संख्या कुणाच्या तोंडी नाही. गणिती हार्डी टॅक्सीत बसून आजारी रामानुजनला भेटायला गेले, टॅक्सीचा नंबर १७२९ अगदीच रटाळ आहे म्हणाले, आणि रामानुजनने पडल्यापडल्या सांगितलं की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे. तेव्हापासून ती टॅक्सी जगभर फिरतेय. कापरेकरांची लोकल डोंबिवलीलाच उभी. याला एक कारण असंही असेल की त्या काळच्या अनेक विद्वान गणितींना हे सगळे मास्तरांचे पोरखेळ वाटायचे. मग मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिलं. अमेरिकेहून माल आल्यावर आपल्याकडे दर चढतो, तसा तो चढला.

गाजला तो ६१७४. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचा वजा करा, आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. आपली पहिली गाडी १८५३ ला ठाण्याला आली, तर १८५३ च घेऊ : ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पाच पायऱ्यांत मुक्काम.

सहा अंकांना मात्र असा एकच मुक्काम नाही. तिथे ५४९९४५ आणि ६३१७६४ ही दोन ठिकाणं, नाहीतर सात संख्यांचं एक चक्र, ज्यात शिरलं की गोल गोल फिरतच राहायचं. पिनकोड सहा अंकी असतो, म्हणून मी आमच्या कोपरीचा ४००६०३ लावून पाहिला. पहिल्याच वजाबाकीत ६४२६५४. पुढे ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, आणि परत ६४२६५४. आम्ही थेट चक्रात. ठाणे पश्चिमेच्या ४००६०१ ला त्याच चक्रात शिरायला सात पायऱ्या लागतात आणि डोंबिवली पूर्वेच्या ४२१२०१ ला सहा. पूर्व पश्चिमेच्या आधी कुठेतरी पोचल्याचा हा एवढाच पुरावा माझ्याकडे आहे. जिथे पोचली तिथून बाहेर पडायला रस्ता नाही, हे कोपरीच्या पुलावर उमेदीची वर्षं घालवलेल्यांना वेगळं सांगायला नको. खजिनदारांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या विषयाला उत्तर म्हणून तो वाचून दाखवायचा त्यांचा बेत आहे.

कापरेकर १९८६ साली गेले. त्यांच्या नावाची संख्या आहे, स्थिरांक आहे. देवळालीच्या नावाच्या संख्या आहेत. डोंबिवलीच्या नावाच्याही आहेत, फक्त डोंबिवलीला ते ठाऊक नाही. म्हणून मध्य रेल्वेला एक विनंती. डोंबिवलीच्या फलाटालगतच्या एखाद्या लांबलचक भिंतीवर हे सतरा अंक माणसाच्या उंचीएवढे रंगवून घ्यावेत. खर्च रंगाचा. मजकुराचं भाषांतर लागणार नाही, त्यामुळे कुठल्या भाषेची पाटी वर असावी यावर आंदोलन होणार नाही. आणि संख्या उलटसुलट सारखीच असल्याने कल्याणकडून येणाऱ्या अप गाडीतल्याला आणि ठाण्याकडून येणाऱ्या डाउन गाडीतल्याला ती एकाच क्रमाने दिसेल. फक्त उत्साहाच्या भरात दहावा एक कुणी वाढवू नये.